टॉमी जॉन हॉल ऑफ फेमबाहेर का? काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेसबॉलचा एकही सामना न पाहिलेल्या माणसानेही टॉमी जॉन हे नाव ऐकलेलं असू शकतं. अमेरिकेत मुलं वाढवणाऱ्या मराठी आईवडिलांच्या कानावर तर ते कधी ना कधी पडतंच. शाळेच्या संघात पिचिंग करणाऱ्या मुलाचं कोपर दुखू लागलं, की ‘टॉमी जॉन सर्जरी’ची चर्चा सुरू होते. ज्याच्या नावाने ही शस्त्रक्रिया ओळखली जाते तो डावखुरा पिचर २६ हंगाम खेळला आणि २८८ सामने जिंकून निवृत्त झाला. तरीही न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी असलेल्या बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये खेळाडू म्हणून त्याची निवड आजवर झालेली नाही.

ती व्हायला हवी होती का, हा वाद जुना आहे. माझं मत त्याच्या बाजूचं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण हा वाद वर्षानुवर्षं चुकीच्या मुद्द्यांवर लढला गेला. त्याचे चाहते सांगतात ती कारणं बरीचशी कच्ची आहेत आणि विरोधक देतात त्यातलीही निम्मी आकड्यांपुढे टिकत नाहीत.

आधी निवडीची पद्धत समजून घेऊ. निवृत्तीनंतर पाच वर्षं उलटली की खेळाडू बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेच्या मतपत्रिकेवर येऊ शकतो. निवडीसाठी ७५ टक्के मतं लागतात आणि पाच टक्क्यांच्या खाली गेलेल्याचं नाव कायमचं गळतं. टॉमी जॉनच्या काळात मतपत्रिकेवर १५ वर्षं राहता येत असे, आता ही मुदत १० वर्षांची आहे. पत्रकारांकडून निवड झाली नाही, तर पुढे १६ जणांची एक समिती जुन्या खेळाडूंचा ठराविक काळाने फेरविचार करते. तिथे १२ मतं मिळवावी लागतात.

“बारा विजय कमी पडले, नाहीतर निवड पक्की होती”

हा सगळ्यांत पसरलेला समज. त्याला आधार नाही असं नाही. ३०० सामने जिंकणारे पिचर एकूण २४ आणि त्यांतला रॉजर क्लेमेन्स सोडला तर बाकी सगळे हॉल ऑफ फेममध्ये आहेत. क्लेमेन्स बाहेर आहे तो उत्तेजक द्रव्यांच्या आरोपांमुळे. त्यामुळे ३०० हा जणू प्रवेशाचा परवाना आहे असं लोक धरून चालतात. तसा नियम कुठेही लिहिलेला नाही. सँडी कोफॅक्स १६५ विजयांवर आत गेला, तेही मतपत्रिकेवर आल्याच्या पहिल्याच वर्षी.

खरी अडचण ‘विजय’ या मोजमापातच आहे. क्रिकेटमध्ये सामना जिंकला म्हणून तो एका गोलंदाजाच्या नावावर लिहीत नाहीत. बेसबॉलमध्ये लिहितात. सुरुवात करणारा पिचर किमान पाच इनिंग टाकून संघ आघाडीवर असताना बाहेर पडला आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकली, तर विजय त्याचा. म्हणजे त्याने कितीही सुरेख पिचिंग केलं, तरी त्याच्या बॅटरनी धावाच काढल्या नाहीत तर हाती काही लागत नाही.

टॉमी जॉनच्या शिकागोतल्या वर्षांकडे पाहा. १९६५ ते १९७१ तो व्हाइट सॉक्सकडे होता. १९६७ साली त्याची धावसरासरी, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा सोडून नऊ इनिंगमागे त्याने दिलेल्या धावा, होती २.४७. ही सरासरी कुठल्याही काळात उत्तम मानली जाईल. तरी त्या हंगामात त्याच्या नावावर १० विजय आणि १३ पराभव लागले. १९७० साली ३.२७ची सरासरी असताना १२ विजय आणि १७ पराभव, कारण त्या वर्षी व्हाइट सॉक्सने १०६ सामने गमावले होते. बऱ्या संघात असता तर ते बारा विजय त्याने तिथेच भरून काढले असते, असं म्हणायला मोह होतो. पण मग उलट बाजूही मानावी लागेल. १९७७ ते १९८० दरम्यान डॉजर्स आणि यँकीज या बलाढ्य संघांच्या बॅटरनी त्याच्या खात्यात भर घातलीच असणार. म्हणून २८८ हा आकडा बाजूला ठेवलेला बरा. त्याच्या बाजूचा किंवा विरोधातला, कुठलाच निवाडा या एका संख्येवर होऊ शकत नाही.

“नुसता टिकून राहिला, म्हणून आकडे साठले”

विरोधकांचा हा लाडका मुद्दा. अमेरिकेत अशा खेळाडूला ‘कंपायलर’ म्हणतात: चमक नाही, फक्त वर्षांवर वर्षं. या आरोपात थोडं तथ्य आहे, आणि ते आधी मान्य करायला हवं. १९८३ ते १९८९ या शेवटच्या सात हंगामांत त्याचे ५१ विजय आणि ६० पराभव झाले. १९८५ साली धावसरासरी साडेपाचपर्यंत चढली. ही वर्षं नसती तर त्याची कारकीर्द आकड्यांनी लहान आणि दिसायला जास्त देखणी राहिली असती: २३७ विजय, १७१ पराभव.

पण या २३७मध्ये काय दडलेलं आहे ते पाहा. १९६८ साली १.९८ची धावसरासरी. लीगमध्ये सर्वाधिक शटआउट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता पूर्ण टाकलेले सामने, तीन वेळा: १९६६, १९६७ आणि १९८०. कारकिर्दीत एकूण ४६ शटआउट. १९७७ ते १९८० या चार हंगामांत अनुक्रमे २०, १७, २१ आणि २२ विजय. सर्वोत्तम पिचरला मिळणाऱ्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तो दोनदा दुसरा आला, १९७७ साली स्टीव्ह कार्लटनच्या मागे आणि १९७९ साली माइक फ्लॅनगनच्या मागे. चार वेळा ऑल-स्टार संघात निवड. नुसत्या तग धरण्याने हे साधत नाही.

मात्र दुसरं टोकही गाठू नये. विजय, धावसरासरी किंवा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) यांत तो कोणत्याच वर्षी लीगमध्ये पहिला नव्हता. टॉम सीव्हर किंवा कार्लटन यांच्या पंगतीत त्याला बसवता येणार नाही, आणि त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तसा आग्रहही धरू नये. मैदान, काळ आणि लीगची पातळी लक्षात घेऊन काढलेल्या सुधारित धावसरासरीनुसार तो आपल्या काळातल्या सरासरी पिचरपेक्षा ११ टक्क्यांनी सरस ठरतो. खेळाडूने संघाला बदली खेळाडूपेक्षा किती जास्त विजय मिळवून दिले याचा अंदाज सांगणारं ‘वॉर’ नावाचं मोजमाप आज सर्वमान्य आहे. त्यात जॉनचा आकडा ६२च्या आसपास येतो. हॉल ऑफ फेममधल्या सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरांची सरासरी ७३च्या आसपास आहे. म्हणजे आकड्यांपुरतं बोलायचं तर तो उंबरठ्यावर आहे, आणि थोडा बाहेरच्या बाजूला.

“स्ट्राइकआउट करता येत नव्हते, म्हणजे दर्जा बेताचाच”

४,७१० इनिंगमध्ये २,२४५ स्ट्राइकआउट, म्हणजे नऊ इनिंगमागे चारच्या थोडे वर. आजच्या प्रेक्षकाला हे फारच कमी वाटेल. पण टॉमी जॉनचं शस्त्र वेगळं होतं. त्याचा सिंकर बॅटपाशी येता येता खाली उतरे. बॅट चेंडूला लागायची, पण चेंडूचा वरचा भाग बॅटवर येऊन तो जमिनीवरून घरंगळत इनफिल्डरच्या हाती जायचा. पहिल्या बेसवर कुणी धावपटू असला की त्याच चेंडूवर दोघे बाद. या पद्धतीत चांगले क्षेत्ररक्षक लागतात, हे खरं. पण चेंडू प्रेक्षकांत जाण्याचा धोका किती कमी होतो ते पाहा: २६ हंगामांत, एवढ्या प्रचंड इनिंगमध्ये, त्याने ३०२ होमरन दिले. दोन पूर्ण सामन्यांत एकाहून किंचित जास्त, एवढंच हे प्रमाण. पिचरचं काम धावा रोखण्याचं. बॅटरला हवेत बॅट फिरवायला लावून त्या रोखा, नाहीतर मातीत चेंडू मारायला लावून.

“मोठ्या सामन्यांत पडायचा, म्हणून वर्ल्ड सिरीज जिंकली नाही”

हा समज सरळ खोटा आहे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाच्या विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकल्याची अंगठी त्याला मिळाली नाही, हे खरं. १९७७ आणि १९७८ साली तो डॉजर्सकडून यँकीजविरुद्ध हरला. १९८१ साली तो यँकीजकडे होता आणि तेव्हा डॉजर्स जिंकले. नशिबाची अशी उलथापालथ क्वचितच पाहायला मिळते. पण त्याची स्वतःची बाद फेरीतली कामगिरी ६ विजय, ३ पराभव आणि २.६५ धावसरासरी अशी आहे. नियमित हंगामातल्या ३.३४ या सरासरीपेक्षा ही चांगली. १९७७ साली फिलाडेल्फियात पावसात त्याने कार्लटनविरुद्ध पूर्ण सामना टाकून डॉजर्सना ४-१ असा विजय आणि वर्ल्ड सिरीजचं तिकीट मिळवून दिलं. पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्याच संघाविरुद्ध शटआउट.

१९८१च्या सहाव्या सामन्याची गोष्ट तर मुद्दाम सांगावी अशी. चौथ्या इनिंगमध्ये धावसंख्या १-१ अशी बरोबरीत असताना यँकीजचे मॅनेजर बॉब लेमन यांनी जॉनच्या जागी बॅटिंगसाठी दुसरा खेळाडू पाठवला. म्हणजे जॉनचं पिचिंग तिथेच संपलं. डगआउटमध्ये त्याचा अविश्वासाने भरलेला चेहरा दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांनी टिपला. त्याच्यानंतर आलेल्या पिचरांची डॉजर्सनी धुलाई केली आणि यँकीज ९-२ने हरले. या पराभवाचा डाग जॉनच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

“नाव शस्त्रक्रियेमुळे आहे, आणि तिचं श्रेय डॉक्टरांचं”

इथे जरा थांबायला हवं, कारण वादाचं मर्म इथे आहे.

१७ जुलै १९७४. डॉजर्सकडून खेळताना जॉनचे त्या हंगामात १३ विजय आणि ३ पराभव होते. माँट्रियलविरुद्धच्या सामन्यात चेंडू टाकताना त्याच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध तुटला. त्या काळी पिचरच्या हाताचा हा अस्थिबंध तुटला की कारकीर्द संपली, एवढंच निदान होतं. २५ सप्टेंबर रोजी डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून डाव्या कोपरात बसवला. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. शस्त्रक्रियेनंतर मज्जातंतूला इजा झाल्याचं दिसलं, बोटं वाकडी होऊ लागली, आणि त्याच डिसेंबरमध्ये दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५चा पूर्ण हंगाम वाया गेला. एप्रिल १९७६मध्ये तो अटलांटाविरुद्ध पुन्हा मैदानात उतरला.

पुढची कारकीर्द आधीच्या कारकिर्दीपेक्षा मोठी आहे. दुखापतीपूर्वी १२४ विजय, नंतर १६४. वीस किंवा त्याहून अधिक विजयांचे तिन्ही हंगाम दुखापतीनंतरचे. दुरुस्त केलेल्या त्या कोपराने अडीच हजारांहून जास्त इनिंग टाकल्या. मे १९८९मध्ये तो शेवटचा सामना खेळला तेव्हा त्याने वयाची ४६ वर्षं पूर्ण केली होती.

शस्त्रक्रियेची कल्पना आणि हात जोब यांचे होते, याबद्दल वाद नाही. कूपर्सटाउनने २०१३ साली त्यांचा समारंभपूर्वक गौरव केला आणि ते योग्यच झालं. पण शस्त्रक्रिया यशस्वी झाली हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर ठरलं नाही. कोपर जुळलं, पण त्या कोपराने पहिल्यासारखं पिचिंग होऊ शकतं हे कुणालाच माहीत नव्हतं. रुग्णाने पुढे कसा व्यायाम करायचा, कधी चेंडू हातात घ्यायचा, किती जोर लावायचा, याचं कोणतंही पुस्तक तेव्हा नव्हतं. ते जॉनने स्वतःच्या हातावर प्रयोग करत शिकून घेतलं. दुसऱ्या खेळाडूवर ही शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जोबसुद्धा जॉनचं काय होतं ते पाहत थांबले होते. आज मेजर लीगमधल्या साधारण तीन पिचरांपैकी एकावर ही शस्त्रक्रिया झालेली असते. जॉन परतून दुसऱ्याच महिन्यात पुन्हा जायबंदी झाला असता, तर ती रुळायला आणखी किती वर्षं लागली असती?

हॉल ऑफ फेमच्या निवडीचे निकष खेळाडूची कामगिरी आणि क्षमता यांवरच थांबत नाहीत. सचोटी, खिलाडूवृत्ती, चारित्र्य आणि संघाला दिलेलं योगदान यांचाही त्यांत उल्लेख आहे. या तराजूत शस्त्रक्रियेनंतरची जॉनची १४ वर्षं ठेवा. ती डॉक्टरांची कामगिरी नाही, ती पिचरची कामगिरी आहे. ती मैदानावर, बॅटरसमोर घडली.

टॉमी जॉनने मोकळ्या केलेल्या या वाटेवरून दुसरा मात्र आत गेला. पिचर जॉन स्मोल्ट्झवर हीच शस्त्रक्रिया झाली होती आणि २०१५ साली त्याची हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. ही शस्त्रक्रिया झालेला तिथला तो पहिला खेळाडू.

जाता जाता पालकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ‘या शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा मजबूत होतो, चेंडूचा वेग वाढतो’ हा समज अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंमध्ये आणि त्यांच्या पालकांमध्ये भलताच रुजला आहे. नवा अस्थिबंध मूळच्यापेक्षा सरस नसतो. कुणाचा वेग वाढलेला दिसला, तर तो वर्षभराच्या शिस्तबद्ध व्यायामाचा आणि विश्रांतीचा परिणाम असतो, आणि तो व्यायाम अस्थिबंध फाटण्याआधीही करता येतो. शिवाय शस्त्रक्रिया झालेला प्रत्येक जण मैदानात परततोच असं नाही. स्मोल्ट्झने आपल्या सत्काराच्या भाषणात हीच कळकळ मांडली होती: चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ही शस्त्रक्रिया लागणं याला सामान्य मानू नका.

“पत्रकारांनी १५ वर्षं नाकारलं, म्हणजे निकाल लागला”

१९९५ साली पहिल्यांदा मतपत्रिकेवर आला तेव्हा टॉमी जॉनला २१.३ टक्के मतं पडली. २००९ साली, शेवटच्या संधीला, ३१.७ टक्के. ७५ टक्क्यांपासून तो कायम दूरच राहिला. यावरून काही जण म्हणतात, ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं त्यांनीच हा निकाल दिला, आता तो का उकरायचा?

बर्ट ब्लायलेवनचं उदाहरण या युक्तिवादाला पुरेसं उत्तर आहे. २८७ विजय, जॉनपेक्षा एक कमी. १९९८ साली त्याला १७.५ टक्के मतं मिळाली, पुढच्या वर्षी आणखी घसरून १४.१. मग विश्लेषकांनी त्याचे आकडे नव्याने मांडायला सुरुवात केली: ३,७०१ स्ट्राइकआउट, ६० शटआउट, दुबळ्या संघांत गेलेली वर्षं. २०११ साली त्याच मतदारवर्गाने त्याला ७९.७ टक्के मतांनी निवडलं. या तेरा वर्षांत ब्लायलेवनने एकही चेंडू टाकला नव्हता. बदलली होती ती फक्त मतदारांची पाहण्याची नजर. अर्थात ब्लायलेवन जॉनपेक्षा वरचढ होता, ‘वॉर’मध्ये ९५च्या आसपास. म्हणून ‘तो आत गेला, तर याला का नाही’ एवढ्यावर भागत नाही.

तुलना करायचीच, तर समितीने निवडलेल्या दोघांशी करावी. जॅक मॉरिस, २५४ विजय, धावसरासरी ३.९०, डिसेंबर २०१७मध्ये निवड. जिम काट, २८३ विजय, धावसरासरी ३.४५, डिसेंबर २०२१मध्ये निवड. मॉरिसकडे १९९१च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना आहे, दहा इनिंगचा शटआउट. काटकडे क्षेत्ररक्षणाचे १६ गोल्ड ग्लोव्ह आहेत. दोघांच्याही गौरवाबद्दल माझी तक्रार नाही. पण जॉनची धावसरासरी दोघांपेक्षा चांगली आहे, विजय दोघांपेक्षा जास्त आहेत आणि ‘वॉर’चा आकडाही दोघांच्या बराच वर आहे. या दोघांना आत घेणाऱ्या समितीने जॉनला बाहेर ठेवण्याचं पटणारं कारण मला सापडलेलं नाही.

डिसेंबर २०२४मध्ये समितीसमोर त्याचं नाव पुन्हा आलं. डेव्ह पार्करला १४ मतं पडली, डिक ॲलनला १३. दोघेही निवडले गेले. जॉनला मिळाली सात. १९७१च्या डिसेंबरमध्ये व्हाइट सॉक्सने याच ॲलनला मिळवण्यासाठी जॉनला डॉजर्सकडे दिलं होतं.

आकड्यांच्या काट्यावर तो उंबरठ्याच्या अलीकडे-पलीकडे झुलतो, हे मी वर मान्य केलं आहे. सीमारेषेवरच्या खेळाडूचा निकाल लावताना त्याने खेळाला आणखी काय दिलं, हा प्रश्न विचारावाच लागतो. जॉनच्या बाबतीत त्याचं उत्तर इतर कोणाही सीमारेषेवरच्या पिचरपेक्षा भक्कम आहे. म्हणून तो हॉल ऑफ फेममध्ये असायला हवा. जुन्या काळातल्या खेळाडूंचा विचार करणारी समिती पुन्हा डिसेंबर २०२७मध्ये बसेल. तिच्या सदस्यांनी २८८ हा आकडा आणि शस्त्रक्रियेचं नाव या दोन्ही गोष्टी क्षणभर बाजूला ठेवाव्यात आणि १९७६ ते १९८२ या सात हंगामांचे धावफलक समोर घेऊन मत द्यावं.